पाळकाचे आजारपण आणि मंडळीचे नेतृत्व

ख्रिस्ती मंडळीचा (स्थानिक चर्चचा) पाळक, म्हणजे धर्मगुरू, आजारी, शोकात किंवा मनाने खचलेला असताना तिचे नेतृत्व कसे चालावे, याविषयीची शिकवण आणि रीत. तिचा मुख्य आधार बायबलमधला, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 12 वा अध्याय. 'शरीरातला काटा' निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, उत्तर मिळाले ते 'माझी कृपा तुला पुरे आहे'. काटा कोणता हे पौल सांगत नाही, आणि ते बरेच झाले. संधिवातापासून वैधव्यापर्यंत ज्याला त्याला तिथे आपले दुखणे ठेवता येते.

मात्र या वचनावरून दुबळेपणा हीच पात्रता, असा अर्थ काढणे चुकीचे. पौलाच्या हाताशी तीमथ्य होता, तीत होता. रोमकरांस पत्र लिहून घ्यायला तर्तियस होता. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत आधी उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. तो अध्याय (पहिले राजे, 19) संपण्याआधी त्याचा वारस अलीशा याच्या अंगावर एलीयाचा झगा पडलेला असतो. विश्रांती आणि कामाची सोपवणूक, दोन्ही तिथे शेजारी शेजारी आहेत.

अपुरे काम दुसऱ्याने पुढे नेल्याचे उदाहरण नाशिककडचे आहे.   नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांना शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते. 1919 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक वारले, तेव्हा टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे होते. ते बाईंनी पुढे नेले. उलट बाजूचे उदाहरण केडगावचे. बहिऱ्या होत चाललेल्या पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनचे काम लेक मनोरमेच्या हाती द्यायचे ठरवले होते, पण 1921 मध्ये तीच आधी गेली आणि पुढच्या वर्षी रमाबाईही. एकाच वारसावर भिस्त ठेवणे किती जोखमीचे, ते यातून कळते.

रीत तशी साधी, पण पहिल्याच आठवड्यात पाळावी लागते. रविवारी निवेदन दोन-तीन वाक्यांचे असावे: 'पाळकसाहेबांवर उपचार सुरू आहेत. सहा आठवडे उपासना अमुक चालवतील. घरी फोन न करता सेक्रेटरींना विचारा.' आजाराचे नाव सांगायचे की नाही, हे पाळकाने ठरवायचे, कमिटीने नव्हे. काहीच न सांगितले तर दुसऱ्या रविवारपर्यंत गेटपाशी तीन वेगवेगळे आजार तयार होतात.

उपदेश, प्रार्थनासभा, दुखणाईतांच्या भेटी ही कामे मंडळीतले जाणते लोक वाटून घेऊ शकतात. प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचे, तसे नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत त्यासाठी दुसऱ्या प्रेस्बिटरची (दीक्षित पाळकाची) तारीख आधी घ्यावी लागते. लग्न तर कायद्याची बाब आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दीक्षित पाळक किंवा परवानाधारक माणूस नसेल, तर मंडळीतले वडीलधारे कितीही मानाचे असोत, त्यांनी लग्न लावून चालत नाही. बँकेत पाळकाची सही सक्तीची असेल तर पगार आणि वीजबिल अडते, म्हणून तिसरा सहीदार निरोगी दिवसांतच नेमावा.

भेटीला दोघांनीच जावे, पंधरा-वीस मिनिटे बसावे. दारात दहा जोड चपला दिसल्या की पाळकीणबाईंना चहाचे आधण ठेवावेच लागते. याकोबाच्या पत्रातल्या (5:14) सूचनेप्रमाणे तेल लावायचे तर अंगठ्याला लागेल एवढेच. कपाळावर क्रूसाची खूण आणि लहानशी प्रार्थना. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातले एखादेच कडवे, तेही हळू. किमोच्या दिवशी जाऊच नये. 'विश्वास कमी पडला असेल' हे वाक्य आजारी पाळकाने इतरांच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकलेले असते, आणि शास्त्रात त्याला आधार नाही: पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी अवस्थेतच मागे ठेवले होते.

पाळकाच्याही चुका होतात. दर रविवारी स्वतःच्या रिपोर्टवर उपदेश केला की लोक वचन ऐकायचे सोडून त्याची काळजी करू लागतात. टाके निघायच्या आत वेदीपाशी उभे राहणे ही दुसरी चूक. तिला लोक धैर्य म्हणतात, डॉक्टर वेगळे काही म्हणतात. परतताना पहिल्या रविवारी फक्त आशीर्वचन, पुढे शास्त्रवाचन, मग खुर्चीत बसून दहा मिनिटांचा उपदेश, असा क्रम झेपतो.

सर्वांत अवघड प्रश्न पाळकाच्या बंगल्याचा. घर मंडळीचे असते. आजार बरा न होणारा असेल तर कुटुंब पुढे कुठे राहणार, मुलांची शाळा कुठे, प्रॉव्हिडंट फंडात किती जमा आहे, हे बोलणे सगळेच टाळतात. ते कमिटीने पाळक स्वतः बोलू शकतो तोवर, त्याच्या पत्नीला शेजारी बसवून, कागदावर लिहून घ्यावे.