ठोशाआधीचं पाऊल

तायक्वांदोतल्या पूमसेची स्पर्धा पाहायला आलेले पालक बहुतेक किककडे पाहत असतात. पाय किती उंच गेला, ठोसा मारताना डोबोकचा, म्हणजे तायक्वांदोच्या पोशाखाचा, ‘फट्’ आवाज किती मोठा आला, यावरून ते मनातल्या मनात गुण देतात. मॅटच्या कडेला बसलेल्या अनुभवी पंचाची नजर मात्र पुन्हा पुन्हा खाली जाते. खेळाडू एक स्टान्स (पाय रोवून उभं राहण्याची ठरलेली पद्धत) सोडून दुसऱ्या स्टान्समध्ये कसा गेला, हे तो पाहत असतो. शेवटची पोझ बरोबर असणारे खेळाडू जिल्हा पातळीवरही पुष्कळ सापडतात. फरक पडतो तो त्या पोझपर्यंत पोचण्याच्या अर्ध्या सेकंदात, आणि त्या अर्ध्या सेकंदाचं विज्ञान कळलं तर सरावाची दिशाच बदलते असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूमसे म्हणजे समोर कोणी नसताना, ठरलेल्या रेषांवर आणि ठरलेल्या क्रमानं केलेले बचाव, ठोसे आणि किक. रंगीत बेल्टसाठी तेगुकचे आठ पूमसे असतात. ब्लॅक बेल्टला कोर्यो, कुमगांग, तेबेक असे पुढचे. जनरल चोई हाँग ही यांच्या परंपरेतल्या आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) या वेगळ्या संघटनेच्या तायक्वांदोत यालाच पॅटर्न किंवा ‘तुल’ म्हणतात आणि ते एकूण २४ आहेत. पूमसेची पहिली जागतिक स्पर्धा २००६ मध्ये सोलमध्ये झाली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत हा प्रकार पहिल्यांदा आला. मुंबईत सराव करणाऱ्या अरुणाचलच्या रूपा बायोरनं २०२४ मध्ये व्हिएतनाममधल्या आशियाई पूमसे अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आपल्याकडच्या क्लासमध्येही पूमसेकडे वेगळ्या गांभीर्यानं पाहिलं जातंय. फार चांगली गोष्ट आहे ही.

वर्ल्ड तायक्वांदो या जागतिक संघटनेच्या रूढ पद्धतीत एका पूमसेला १० गुण असतात. त्यातले ४ अचूकतेचे. लहान चुकीला ०.१ आणि मोठ्या चुकीला ०.३ कापले जातात. उरलेले ६ गुण सादरीकरणाचे : वेग आणि ताकदीला २, लय आणि गतीवरच्या ताब्याला २, ऊर्जेच्या अभिव्यक्तीला २. हा हिशेब नीट पाहा. टाच किंचित सरकली, मागचं पाऊल दोन बोटं तिरकं पडलं, की ०.१ गेला. बिघडलेला तोल इथंच थांबत नाही. त्याच्यापायी पुढच्या ठोशाची ताकद जाते, लय तुटते, चेहऱ्यावर गडबड दिसते. म्हणजे पावलातली एक चूक दोन्ही खात्यांतून गुण घेऊन जाते.

आता त्या पावलाकडे वळू. १९६७ मध्ये बेलेंकी, गुरफिंकेल आणि पाल्तसेव्ह या सोव्हिएत संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. उभ्या माणसाला हात झटकन पुढे उचलायला सांगितलं आणि स्नायूंमधली विद्युत हालचाल नोंदवली. खांद्याच्या स्नायूच्या आधी मांडीच्या मागचा स्नायू कामाला लागलेला दिसला. हात पुढे गेला की शरीराचा तोल बदलणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. म्हणून तो पायांना तयार करतो आणि मग हाताला सोडतो.

पाऊल टाकतानाही हेच घडतं, आणि ते अधिक चमत्कारिक आहे. डावं पाऊल उचलायचं तर भार उजव्या पायावर जायला हवा. त्यासाठी मेंदू आधी डाव्याच पायाला जमीन किंचित जास्त दाबायला लावतो. त्या दाबामुळे शरीर उजवीकडे ढकललं जातं, डावा पाय हलका होतो आणि मग उचलला जातो. रोजच्या चालण्यात हे आपल्याला जाणवतही नाही, कारण पावलं जवळजवळ असतात आणि गुडघे जवळपास सरळ असतात.

आप कुबीमध्ये, म्हणजे लांब पुढच्या स्टान्समध्ये, तसं नसतं. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, दोन पावलांमध्ये मोठं अंतर आणि साधारण दोन तृतीयांश भार पुढच्या पायावर. इथून पुढचं पाऊल टाकायचं तर शरीराचा गुरुत्वमध्य बराच प्रवास करून एकट्या पुढच्या पायावर यावा लागतो, आणि तो पाय वाकलेला असताना. मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंवर मोठा ताण येतो. शरीर मग पळवाटा शोधतं. पहिली म्हणजे गुडघा सरळ करून उंच होणं. दुसरी, धड पुढे झुकवून वजन फेकणं. तिसरी, निघण्याआधी पुढच्या पायाचा पंजा बाहेर फिरवणं. तिन्ही पंचांना दिसतात. पहिली तर प्रेक्षकांतल्या कुणालाही दिसेल, कारण डोकं वरखाली होतं. आप कुबीतून आप कुबीत जाताना डोक्याची उंची डोक्यावर पाण्यानं भरलेला हंडा घेऊन चालणाऱ्या बाईइतकी स्थिर राहायला हवी. (आप सोगी या आखूड स्टान्समधून आप कुबीत उतरताना उंची कमी होणारच, ती चूक नाही. आणि आयटीएफमध्ये तर गुडघ्यांच्या लवचिक हालचालीनं मुद्दाम खालीवर होणारी ‘साइन वेव्ह’ तंत्राचाच भाग आहे. म्हणून एका संघटनेचा व्हिडिओ पाहून दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेची तयारी करू नये.)

यावर उपाय तंत्रात जितका आहे तितकाच ताकदीतही आहे. ‘खाली राहा, खाली राहा’ असं ओरडून कोणाच्या मांडीत बळ येत नाही. वाकलेल्या एका पायावर सावकाश भार घ्यायचा, दुसरं पाऊल जमिनीला घासून नेल्यासारखं जवळ आणायचं, तिथं क्षणभर थांबायचं आणि मग पुढे न्यायचं. हातांशिवाय, फक्त पावलांचा संपूर्ण पूमसे असा संथ करून पाहा. मध्ये थांबता येत नसेल, तर वेगात करताना तुम्ही तोल सांभाळत नाही, पडता पडता पुढचं पाऊल टाकता आहात असा अर्थ होतो.

आता ठोसा. एक हात पुढे जाताना दुसरी मूठ झटक्यानं कमरेकडे ओढायची असते. बऱ्याच क्लासमध्ये याचं कारण न्यूटनचा तिसरा नियम असं सांगतात : जितक्या जोरात मागचा हात ओढाल, तितक्या जोरात पुढचा जाईल. हे स्पष्टीकरण बरोबर नाही. तिसऱ्या नियमातली क्रिया आणि प्रतिक्रिया एकमेकांवर बल लावणाऱ्या दोन वस्तूंवर घडतात. डावा हात काही उजव्या हाताला ढकलत नाही. खरं घडतं ते असं. दोन्ही हात सारख्या वेगानं विरुद्ध दिशांना गेले की त्यांचा सरळ रेषेतला संवेग एकमेकांना जवळपास खोडून काढतो, म्हणून शरीराला मागे धक्का बसत नाही. पण उभ्या अक्षाभोवती फिरण्याचा विचार केला तर दोघंही एकाच दिशेनं वळवतात, तिथं बेरीज होते. कंबर आणि खांदे त्या फिरण्यात सामील होतात आणि ठोशाला धडाचं वजन मिळतं.

हे फिरणं येतं कुठून? हवेतल्या माणसाला स्वतःला असं फिरवता येणार नाही, कारण एक भाग एका दिशेला वळला की दुसरा उलट वळेल. मॅटवर उभ्या माणसाला ते जमतं, कारण तळवे आणि मॅट यांच्यातलं घर्षण त्याला टेकू देतं. म्हणजे ठोशाची सगळी पिळवट शेवटी तळव्यांत उतरते. मागची टाच उचलली गेली, पंजा घसरून फिरला, तर टेकूच सुटला. ‘ठोसा कमकुवत वाटतो’ म्हणून खेळाडू खांद्याला आणखी जोर लावतो, आणि बिघाड असतो मागच्या टाचेखाली.

ताकद दाखवण्याच्या नादात आणखी एक चूक होते, ती म्हणजे सुरुवातीपासून शरीर आवळून धरणं. वेगवान हालचालीत स्नायूंचं काम टप्प्याटप्प्यानं होतं. आधी ढकलणारा स्नायू झटका देतो, मग उलट बाजूचा स्नायू ब्रेक लावतो, मग पहिला पुन्हा क्षणभर आवळून हात जागेवर थांबवतो. दोन्ही बाजू आधीपासून आवळलेल्या असतील तर तो ब्रेक दाबून गाडी चालवण्याचा प्रकार होतो. वेग येतो सैलपणातून, आणि ताकद दिसते ती शेवटच्या अचानक थांबण्यात. डोबोकचा आवाज त्या थांबण्याची खूण असू शकतो, पण कडक कापड आणि मनगटाची एक झटक यांनीही तो काढता येतो. त्यावर विसंबू नये.

उंच किकबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथं मुलांच्या शरीराचं नुकसान होतं. कोर्योमध्ये सुरुवातीलाच दुहेरी साइड किक आहे : पहिली खाली गुडघ्याच्या उंचीवर आणि पाय न टेकवता दुसरी उंच. मांडीचं हाड जिथं कमरेच्या खोबणीत बसतं, तिथं बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो. पाय न वळवता सरळ बाजूला उचलत गेलात तर काही अंशांनंतर तो उंचवटा वरच्या हाडाकडे अडतो. तिथं स्नायू ताणून काही होत नाही, ती हाडाची हद्द आहे. म्हणूनच टेकवलेल्या पायाची टाच लक्ष्याच्या दिशेला वळवायची असते. टाच वळली की ओटीपोट तिरकं होतं, मांडीला थोडी वेगळी वाट मिळते आणि पाय वर जातो. खालचा पंजा अर्धाच वळवून किक उंच करू पाहणारा खेळाडू आपल्या हाडांशीच भांडत असतो.

दुसरा गैरसमज स्प्लिटचा. जमिनीवर पूर्ण स्प्लिट बसणाऱ्या मुलीला हवेत पाय तितका उंच का धरता येत नाही? कारण स्प्लिटमध्ये शरीराचं वजन पायाला उघडतं. हवेत ते काम नितंबाच्या बाजूच्या स्नायूंना स्वतः करावं लागतं, तेही पूर्ण आखडलेल्या अवस्थेत, आणि स्नायू फार आखडला की त्याची ताकद कमी होते. त्यामुळे उंचीच्या टोकाला पाय धरून ठेवण्याचा, संथ वर नेण्याचा आणि संथ खाली आणण्याचा सराव वेगळा करावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या पाठीवर दाब देऊन, रडेपर्यंत त्यांना स्प्लिटमध्ये बसवणं अजूनही काही ठिकाणी चालतं. त्यानं उंच किक येत नाही आणि वाढत्या वयातल्या सांध्यांना इजा होऊ शकते. पालकांनी हे पाहिलं तर तिथल्या तिथे थांबवावं.

सराव कसा करायचा, यावर मानसशास्त्रात जुनं आणि भक्कम काम आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी लोकांना हाताच्या हालचालींचे तीन क्रम शिकवले. एका गटानं एकेक क्रम ओळीनं गिरवला, दुसऱ्यानं तिन्ही उलटसुलट मिसळून. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा मिसळून शिकलेले सरस ठरले. प्रत्येक वेळी हालचाल नव्यानं आठवावी लागली, म्हणून ती पक्की झाली असं यामागचं एक स्पष्टीकरण आहे. प्रयोगशाळेतली हाताची हालचाल आणि संपूर्ण पूमसे यांत अंतर आहे, आणि अगदी नवख्या मुलाला आधी एकच पूमसे ओळीनं करू द्यावा हेच बरं. पण तेगुकचा क्रम तोंडपाठ झालेला खेळाडू रोज पहिल्या जुनबीपासून (तयारीची स्थिती) शेवटच्या बारोपर्यंत (संपल्यावर पूर्वस्थितीत येणं) तोच पूमसे वीसदा करत असेल तर तो बराच वेळ वाया घालवतोय. सुरुवातीच्या हालचाली घासून गुळगुळीत होतात, आणि दमल्यावर येणारा शेवटचा भाग कच्चाच राहतो. मधूनच कुठूनही सुरू करा. तेगुक सातनंतर लगेच तेगुक चार करा.

कोच काय बोलतात, यानंही फरक पडतो. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर दाखवलं की आपल्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या यंत्राच्या चाकांकडे लक्ष देणारे लवकर शिकले. स्वतःच्या अवयवांवर पहारा ठेवला की आपोआप होणाऱ्या हालचालीत मन अडथळा आणतं. मग ‘कंबर फिरव’ म्हणण्याऐवजी ‘बेल्टची गाठ समोरच्या भिंतीकडे’ म्हणा. ‘गुडघा वाकव’ऐवजी ‘मॅट मागे ढकल’. स्पर्धेच्या दिवशी, हात थरथरत असताना, हे असे शब्द जास्त कामी येतात.

आरसा बेतानंच वापरावा. तोल सांभाळताना मेंदू कानातल्या तोलेंद्रियाबरोबर डोळ्यांवरही टेकतो. महिनोन्‌महिने आरशासमोर सराव केला तर आरशातली प्रतिमाच त्या तोलाचा भाग बनते, आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये समोर असतात पंच आणि अनोळखी भिंत. त्यापेक्षा मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून चित्रण करा आणि नंतर आवाज बंद करून, संथ गतीत फक्त पावलं पाहा. पाऊल टेकणं आणि मूठ थांबणं एकाच क्षणी होतंय का? वळण घेताना आधी नजर वळते की खांदा? वळताना हात अंगाजवळ आहेत की पसरलेले? पसरलेले असतील तर शरीराला फिरवायलाही आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो, आणि वळणानंतरचं पाऊल रेषेबाहेर पडतं.

स्पर्धेत कोणते पूमसे करायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत क्लासमध्येही कोचनी चिठ्ठ्या कराव्यात, खेळाडूनं एक उचलावी, दोन श्वास घ्यावेत आणि लगेच मॅटवर जावं. कधी सकाळी अंग थंड असताना, कधी फाइटच्या सरावानंतर पाय भरून आले असताना, कधी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून. दमलेल्या पायांवर पाचव्या-सहाव्या आप कुबीत डोकं किती वर येतं, याची वहीत नोंद ठेवा आणि पुढच्या आठवड्याचा ताकदीचा व्यायाम त्या नोंदीवरून ठरवा.