मांजराची नियमित आरोग्य तपासणी

पाळीव मांजर ठणठणीत दिसत असतानाही ठरावीक अंतराने पशुवैद्यकाकडून तपासून घेणे, त्याच्या वजनाची, दातांची, लघवीची व रक्ताची नोंद ठेवणे आणि लसी व जंतांची औषधे वेळेवर देणे, असा हा परिपाठ आहे. मराठवाड्यात मांजर नवे नाही. कणगीतली ज्वारी आणि हरभरा उंदरांपासून राखायला ते पूर्वापार घरात असते. मात्र बैल किंवा म्हैस आजारी पडली की जशी डॉक्टरला हाक जाते, तशी मांजरासाठी घालण्याची रीत नव्हती. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत ती आता रुळते आहे.

या तपासणीची गरज मांजराच्या स्वभावातच आहे. ते दुखणे लपवते. आजारी मांजर विव्हळत नाही. माळ्यावर किंवा पलंगाखाली जाऊन बसते, थोडे कमी खाते, अंग चाटणे सोडते. घरच्यांच्या ध्यानात येते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. उतारवयातल्या मांजरांत नेहमी आढळणारा मूत्रपिंडांचा जुनाट विकार याचे ठळक उदाहरण आहे : मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य रक्तात वाढलेले दिसते, तेव्हा मूत्रपिंडांची सुमारे ७५ टक्के कार्यक्षमता गेलेली असते. वजन मात्र त्याच्या कितीतरी आधी उतरू लागते.

म्हणून साऱ्या तपासणीत वजन सर्वांत मोलाचे, आणि ते घरीही करता येते. देशी मांजराचे वजन साधारण ३ ते ४.५ किलो. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटले, तर ते साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटण्यासारखे आहे. पण अंगावरच्या केसांमुळे नजरेला काहीच जाणवत नाही. मांजर उचलून घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे, ही पद्धत फसवी आहे. तिच्यात दोन-तीनशे ग्रॅमची चूक सहज होते. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चांगला. त्यावर रिकामी टोपली ठेवून काटा शून्यावर आणावा, मग मांजर आत बसवावे. महिन्यातून एकदा आकडा तारखेसह लिहून ठेवावा. दहा टक्के घट दिसली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.

पिल्लाची पहिली तपासणी सहा ते आठ आठवड्यांचे असताना, नंतर सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. पुढे वर्षातून एकदा, आणि दहाव्या वर्षानंतर वर्षातून दोनदा. मोठ्या मांजराचे एक वर्ष माणसाच्या चारेक वर्षांइतके असल्याने म्हातारपणी वर्षभराचे अंतर फार पडते. गावाकडे मांजरी पिले सात घरे फिरवते, त्यामुळे जन्मतारीख बहुधा कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी दात पाहावेत : पुढचे दुधाचे दात दोन ते चार आठवड्यांत येतात, कायमचे पुढचे दात साधारण चौथ्या महिन्यात आणि कायमचे सुळे पाचव्या महिन्याच्या आसपास. सहा-सात महिन्यांत तीसही दात पूर्ण होतात.

तपासणीत डॉक्टर प्रथम लांबूनच मांजराचा श्वास व चाल पाहतात, मग डोळे, कान, हिरड्या. हिरडी गुलाबी व ओलसर हवी. फिकट असेल तर रक्तक्षय, चिकट असेल तर अंगातले पाणी कमी, पिवळट असेल तर कावीळ असू शकते. मांजरांत दाढेचे मूळच झिजून जाण्याचा विकार बराच आढळतो, आणि तो असूनही मांजर जेवत राहते. पोट हाताने चाचपून मूत्रपिंडांचा आकार व मूत्राशय पाहतात. गुदद्वारातून घेतलेले तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असावे. उन्हातून घाबरत आलेल्या मांजराचे थोडे जास्त भरते, म्हणून त्याला थोडा वेळ सावलीत बसू द्यावे. श्वास मात्र घरीच मोजून न्यावा. गाढ झोपेत मिनिटाला २० ते ३० श्वास ठीक. रोज तीसच्या वर जात असतील, तर हृदय किंवा फुप्फुसाचा विकार शोधावा लागतो. उतारवयात रक्त व लघवीची तपासणी जोडतात. शौचाचा नमुना त्याच दिवशीचा, झाकणाच्या छोट्या डबीत न्यावा.

लसी दोन प्रकारच्या. पॅनल्युकोपेनिया, हर्पिस व कॅलिसी या विषाणूंविरुद्धची तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्ये, लशीलाच निकामी करतात आणि ती नेमकी कधी संपतात, हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. एकच डोस देऊन थांबलेली पिले म्हणूनच दगावतात. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर. पुढचे डोस कधी द्यायचे, ते लशीच्या प्रकारानुसार डॉक्टर कार्डावर लिहून देतात. दोन्ही लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकतात. मे महिन्यात मेडिकलमधून घेऊन खिशात घालून आणलेली किंवा वीज गेलेल्या फ्रिजमध्ये पडून राहिलेली लस टोचली तरी भरवशाची नसते. तालुक्याहून आणायची असेल, तर बर्फाच्या थर्मासमध्ये, कागदात गुंडाळून आणावी. बर्फाला थेट लागून गोठली, तर रेबीजची लस बिघडते. टोचलेल्या जागी आलेली गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत असली, तर दाखवावी.

जंतांचे औषध पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून पंधरवड्याने, नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्याने, आणि बाहेर फिरणाऱ्या मोठ्या मांजराला तीन महिन्यांनी. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले, तर ते पट्टकृमी होत. ते पिसवांमार्फत येतात, म्हणून पिसवा न मारता नुसते जंतांचे औषध दिले तर महिनाभरात पुन्हा दिसतात.

पिसवांच्याच बाबतीत एक धोका या भागात खास सांगायला हवा. गोठ्यात गोचिडांसाठी फवारायचे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ पातळ करून मांजराच्या अंगाला लावले जाते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनचे थेंबही तसेच. मांजराच्या यकृतात ही द्रव्ये निकामी करण्याची क्षमता फार तोकडी असते, शिवाय अंग चाटून ते त्यांना पोटातही घेते. काही तासांत लाळ, थरथर, झटके सुरू होतात. असे घडले तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने अंग धुवावे, पुसून कोरडे करावे आणि तडक दवाखाना गाठावा. माणसांची पॅरासिटामॉलची गोळीही याच कारणाने मांजराला मारक आहे. अर्धी गोळीसुद्धा देऊ नये.

आहाराचा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात, कारण दूध-भाकरीवर मांजर जगत नाही, उंदरांवर जगते. घरात कोंडलेल्या मांजराला तेवढाच आहार मिळाला, तर मांसातून मिळणारे टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडून दृष्टी जाते व हृदय कमकुवत होते. मोठ्या मांजराला दुधाने हगवणही लागते. अंडे, मासे, शिजवलेले चिकन किंवा मांजरांचा संपूर्ण आहार म्हणून विकले जाणारे खाद्य द्यावे. कुत्र्याचे खाद्य चालत नाही.

नेण्याची तयारी निम्मे काम करते. पोत्यात बांधून दुचाकीवर नेलेले मांजर उन्हात गुदमरते. पिंजरा नसेल तर भाजीचे दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने घट्ट बांधावेत, आत घरातलेच जुने कापड, वरून उपरणे. हा क्रेट दोन-चार दिवस आधी घरात उघडा ठेवला, तर मांजर आपणहून आत झोपू लागते. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर निघावे. दवाखान्यात कुत्री व गुरे असतातच, म्हणून क्रेट जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवावा आणि वरचा भाग काढून मांजर खालच्याच भागात बसलेले असताना तपासू द्यावे. मानेला धरून उचलायची घाई करू नये.

गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, लोकांच्या तोंडी ढोरांचा दवाखाना, मुख्यतः गुराढोरांसाठी चालतो. रेबीजची लस, जंतांचे औषध यांची चौकशी आधी फोनवर करावी. क्ष-किरण, रक्ततपासणी किंवा शस्त्रक्रिया लागली, तर परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची चिकित्सालये जवळची पडतात. नसबंदी चार-पाच महिन्यांच्या वयापासून करता येते. मांजरीची पहिल्या माजाआधी केल्यास स्तनांच्या कर्करोगाचा धोका फार कमी होतो.

मांजर चावले किंवा त्याने बोचकारले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट भरू नये. मग आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारावे, मांजराला लस टोचलेली असली तरीही.

काही लक्षणे पुढच्या तारखेपर्यंत थांबवायची नसतात. तोंड उघडे टाकून धापा टाकणे, मागचे पाय अचानक लुळे पडणे, पूर्ण दिवसभर काही न खाणे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. बोका वारंवार लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, याला बरेच जण बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने खडे किंवा चिकट द्रव्याने तुंबलेला असतो, रक्तात पोटॅशियम चढते आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबते. त्याला रात्री असेल तरी रात्रीच न्यावे लागते.