शुगरची गोळी ‘गरम पडते’ तेव्हा
(मेटफॉर्मिन घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

‘ही गोळी गरम पडली, दुसरी द्या,’ असं आमच्या काउंटरवर नेहमी ऐकू येतं. मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर मळमळ, गॅस, पातळ संडास, तोंडाला लोखंडासारखी चव असा त्रास होऊ शकतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत ओसरतो. म्हणूनच डॉक्टर बहुधा 500 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून डोस हळूहळू वाढवतात.

पण गोळी घेता कशी, असं विचारलं की उत्तर येतं: सकाळी रानात जाताना, चहाबरोबर. चहा म्हणजे जेवण नव्हे! गोळी भाकरीसोबत किंवा जेवण झाल्या झाल्या घ्या. न्याहारी रानात होत असेल तर गोळी डब्यासोबत न्या. तरीही सोसत नसेल तर डॉक्टरांना ‘एसआर’ गोळीचं विचारा. ती पोटात सावकाश विरघळते. मात्र चावायची किंवा कुटायची नाही. कधी संडासात तिचं टरफल दिसतं. औषध अंगी लागलेलं असतं, घाबरू नका.

नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर एकदम उतरणं क्वचितच. पाकिटावर ग्लिमेपिराइड या शुगरच्या दुसऱ्या औषधाचंही नाव असेल तर गोष्ट वेगळी: त्यानं शुगर एकदम उतरू शकते. एकादशी, नवरात्र, रोजे यांच्या आधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला तर लगेच 3 चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी शुगर तपासा.

‘या गोळीनं किडनी जाते’ हे खरं नाही. उलट, किडनी आधीच कमजोर असेल तर औषध अंगात साचतं, म्हणून डोस कमी करतात किंवा गोळी बंद करतात. आपल्याकडच्या मे महिन्यात ऊन लागून उलट्या-जुलाब सुरू झाले, पोटात पाणी ठरेना, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. क्वचित होतं, पण जिवावर बेततं. दारूनंही हा धोका वाढतो. शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन होणार असेल तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं तिथे आधी सांगा.

वर्षानुवर्षं गोळी चालू असेल तर अंगातलं बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, ते तपासून घ्या. पायाला मुंग्या येणं, थकवा हे सगळं शुगरच्याच माथी मारलं जातं आणि बी-12 ची कमतरता राहून जाते. माळकरी मंडळींनी तर नक्कीच तपासावं. अंडी-मटण नाही, दूध-दही तेवढं, म्हणजे बी-12 आधीच कमी मिळतं. रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीनंही बी-12 कमी होऊ शकतं; ती घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, मग ती चिठ्ठीशिवाय आमच्याकडूनच नेलेली का असेना.