कांडल्याला पकडलेलं जहाज आणि पिथमपूरचं मशीन

१९९९ च्या जूनचा शेवट, तिकडे कारगिल पेटलेलं, आणि इकडे गुजरातमधे कांडला बंदरात उत्तर कोरियाचं कू वोल सान नावाचं मालवाहू जहाज साखर उतरवायला आलं. कस्टमवाल्यांना आधीच खबर लागलेली. कागदांवर बाकीच्या खोक्यांत पाणी शुद्ध करायची यंत्रं होती, खोकी उघडली तर आत मिसाइलचे सुटे भाग, जाड पत्रा वळवायचं मशीन, थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) आणि ड्रॉइंगचे गठ्ठे. मग मिसाइलमधली जाणकार माणसं बोलावून तपासलं, माल स्कडच्या (जुन्या सोव्हिएत मिसाइलच्या) जातीच्या मिसाइलचा निघाला.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ते पत्रा वळवायचं मशीन. तयार मिसाइल विकत घेतलं तर एकदा उडवलं की संपलं, पण मशीन आणि ड्रॉइंग हातात आली की तो देश वर्षानुवर्षं घरच्या घरी बनवत बसणार, मग त्याला कोण अडवणार? म्हणून मिसाइलचा प्रसार रोखायचा म्हणजे खरं तर मशीन, धातू, केमिकल आणि डोक्यातलं ज्ञान कुठे जातंय त्यावर नजर ठेवायची.

हे काम मुख्यतः एमटीसीआर (मिसाइल टेक्नॉलॉजी कंट्रोल रेजीम) नावाची व्यवस्था करते. एप्रिल १९८७ मधे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, जपान आणि कॅनडा या सात देशांनी ती सुरू केली, आज ३५ देश आहेत. हा करार नाहीये हे लक्षात घ्या. मोडला तर कोर्ट नाही, दंड नाही, सगळ्यांनी एकाच यादीप्रमाणे आपापल्या देशात एक्स्पोर्ट लायसन्स द्यायचं एवढंच ठरलेलं. यादीत वरच्या वर्गात काय येतं? जे किमान ५०० किलो वजन किमान ३०० किलोमीटर लांब नेऊ शकतं ते. ५०० किलो म्हणजे साध्या, पहिल्या पिढीच्या अणुबॉम्बचं वजन साधारण एवढं असेल असा अंदाज. आणि वजन कमी केलं की रेंज वाढते, त्यामुळे ब्रोशरमधे काय छापलंय ते चालत नाही, वजन आणि रेंजची अदलाबदल करून जास्तीत जास्त काय होऊ शकतं ते बघतात.

आता थोडं फिजिक्स. हवा आणि पृथ्वीची गोलाई बाजूला ठेवली तर फेकलेली वस्तू किती लांब जाईल ते वेगाच्या वर्गावर ठरतं. ३०० किलोमीटरला सेकंदाला साधारण १.७ किलोमीटर वेग लागतो, तोच डबल केला की रेंज चौपट, म्हणजे १२०० किलोमीटर. आणि सेकंदाला ७.८ च्या आसपास पोचलात की वस्तू खाली पडतच नाही, कक्षेत फिरत राहते. म्हणजे सॅटेलाइट सोडणारं रॉकेट आणि लांब पल्ल्याचं मिसाइल यांचं विज्ञान एकच. आपल्याकडेच बघा, १९८० मधे रोहिणी सॅटेलाइट कक्षेत सोडणाऱ्या एसएलव्ही-३ रॉकेटचा पहिला टप्पा १९८९ च्या पहिल्या अग्नी मिसाइलमधे वापरला होता. एमटीसीआरचं सगळं दुखणं इथेच आहे.

आणि ते आपल्यालाच भोवलं. १९९१ मधे इस्रोने रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणारं) इंजिन आणि त्याच्या तंत्रज्ञानाचा सौदा केला, १९९२ मधे अमेरिकेने एमटीसीआरचं नाव पुढे करून दोघांवर निर्बंध लावले, १९९३ मधे रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, फक्त तयार इंजिनं दिली. हे मला आजही पटत नाही, कारण द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशाला ठेवावा लागतो, सारखा उडून जातो, ऐन वेळी भरायला तास लागतात, असलं इंधन घालून कोण मिसाइल तयार ठेवेल? आपलं स्वतःचं इंजिन घेऊन जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी उडालं ते थेट ५ जानेवारी २०१४ ला.

तरीही ही व्यवस्था मोडीत काढावी असं मी म्हणणार नाही. १९९५ मधे जॉर्डनने इराककडे चाललेले रशियन जायरोस्कोप पकडले, ते पाणबुडीवरच्या जुन्या मिसाइलमधून काढलेले होते, आणि त्याच सुमाराला संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीवाल्यांनी पाणबुडे उतरवून तैग्रिस नदीच्या तळातून आणखी बाहेर काढले. मिसाइलला दिशा कळते ती या जायरोस्कोपमुळे, ते नसेल तर इंजिन कितीही दणकट असलं तरी नेम लागत नाही. अशी एकेक वस्तू अडली की समोरच्याचा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं रखडतो. अर्जेंटिनाने तर आपल्या मिसाइलचा कोंडोर प्रोजेक्टच सोडून दिला आणि १९९३ मधे एमटीसीआरमधे आला.

भगदाडं आहेतच. डिसेंबर २००२ मधे स्पेनच्या नौदलाने उत्तर कोरियातून आलेलं सो सान जहाज अडवलं, सिमेंटच्या पोत्यांखाली १५ स्कड, येमेनला चाललेले, आणि तरी सोडून द्यावं लागलं कारण जप्त करायला कायदाच नव्हता. उत्तर कोरिया एमटीसीआरच्या बाहेर, चीनही सदस्य नाही. त्याच वर्षीच्या, बॅलिस्टिक मिसाइलबद्दलच्या हेग आचारसंहितेत मुख्यतः लाँचच्या आधी कळवायचं, बंदी कशावरच नाही. भारत-पाकिस्तानचं २००५ पासून वेगळं आहे, टेस्टच्या किमान तीन दिवस आधी एकमेकांना सांगतात, आणि एवढ्या भांडणांत हे टिकलंय हे मला फार मोलाचं वाटतं.

जून २०१६ मधे भारत एमटीसीआरचा ३५ वा सदस्य झाला, म्हणजे आता पहारा आपलाही आहे, आणि तो दिल्लीपुरता नाही, आपल्या इंदूरशेजारच्या पिथमपूरच्या शेडपर्यंत येतो. कार्बन फायबरचा धागा गुंडाळून सीएनजीची टाकी बनवणारं वाइंडिंग मशीन रॉकेट मोटरचा केसही बनवू शकतं. पाच अक्षांचं सीएनसी, फ्लो फॉर्मिंग (धातूची नळी दाबून पातळ आणि लांब करणं), मॅरेजिंग स्टील (खूप मजबूत खास पोलाद), सगळ्याचं तसंच. आपल्याकडे अशा दुहेरी वापराच्या मालाच्या यादीचं नाव स्कोमेट, लायसन्स डीजीएफटी (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) देतं, सोबत एंड युज सर्टिफिकेट लागतं, खरा वापरणारा कोण आणि कशाला वापरणार ते लिहून सही करायची. शिवाय वस्तू यादीत नसली पण मिसाइलसाठी चाललीय हे तुम्हाला माहीत असेल तरी परवानगी घ्यावीच लागते, हे बऱ्याच लहान कारखानदारांना ठाऊक नसतं.

गिऱ्हाईक इन्स्टॉलेशन आणि ट्रेनिंग नको म्हणतंय, पत्ता नुसत्या ट्रेडिंग फर्मचा आहे, पैसे रोख द्यायला तयार आहे आणि माल ऐन वेळी तिसऱ्याच बंदरात उतरवा म्हणतंय, असं दिसलं तर कोटेशन पाठवायच्या आधी थांबा आणि डीजीएफटीला लेखी विचारा. स्कोमेटची यादी त्यांच्या साइटवर आहे, ५ नंबरची कॅटेगरी रॉकेट आणि विमानांची, सुरुवात तिथून करा.