पोरगी जर्मन फाडफाड बोलते, मग पेपरात ५ कसा?

माझी भाची चौदाव्या वर्षी पिंपरी-चिंचवडहून थेट श्टुटगार्टच्या शाळेत गेली. दाजी गाड्यांच्या फील्डमधले, पुण्यातून तिकडे जाणारी अशी कुटुंबं ढिगाने आहेत, त्यामुळे त्यात काही नवल नव्हतं. नवल पुढे झालं. आठ-नऊ महिन्यांत पोरगी बेकरीत, बसमध्ये, मैत्रिणींशी मस्त जर्मन बोलायला लागली, ताई तिचे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकत होती आणि त्याच सुमारास बायोलॉजीच्या पेपरात तिला ५ मिळाला. तिकडे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ६ म्हणजे खल्लास, तेव्हा ५ म्हणजे काय ते समजून घ्या. ताईचा मला फोन, "दिवसभर मोबाईल, अभ्यास नको, भाषा तर येतेय की आता, तूच मामा म्हणून काहीतरी बोल तिच्याशी."

बोलण्याआधी मी तो पेपर मागवला. प्रश्न पेशीवरचा होता, पेशीपडदा, ऑस्मोसिस वगैरे, जे तिला इकडे असतानाच पाठ होतं. घोळ झाला होता प्रश्नातल्या क्रियापदात. जर्मन पेपरात प्रश्नाची सुरुवातच ठरावीक आज्ञेने होते: 'नेने' म्हणजे नुसती नावं सांग, 'बेश्राइबे' म्हणजे वर्णन कर, 'एरलॉयटेरे' म्हणजे उलगडून सांग, 'बेग्रुंडे' म्हणजे कारण दे. हिने 'बेग्रुंडे'च्या खाली दोन ओळींचं छान वर्णन लिहिलेलं, कारण शून्य. आपल्याकडे कसं 'शास्त्रीय कारणे द्या' आणि 'टीपा लिहा' यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही कारण तो चौथी-पाचवीपासून अंगात मुरलेला असतो, तसंच. आणि हे शब्द बेकरीत कोण बोलतं?

कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली नेमका हाच फरक मांडला होता. एक असते रोजच्या बोलण्याची भाषा, त्यात समोरच्याचा चेहरा, हातवारे, विषय काय चाललाय याचा अंदाज, सगळं मदतीला असतं, नवीन आलेल्या मुलांना ती साधारण दोनेक वर्षांत जमते. दुसरी पुस्तकातली, पेपरातली भाषा, जिथे कागदावरच्या अक्षरांशिवाय हाताशी काहीच नाही, तिच्यात वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षं लागतात असं त्यांना स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दिसलं. पहिली लवकर येते म्हणूनच घोळ होतो, शिक्षकांना वाटतं हिला येतंय, आईला वाटतं ही आळशी झालीय.

बरं, टीनएजर हळू शिकतात म्हणावं तर तसंही नाही. १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियान होफ्नागेल-होले यांचा एक अभ्यास आला, नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसांवर, अगदी तीन वर्षांच्या पोरांपासून मोठ्यांपर्यंत. 'लहान मुलं भाषा पटकन उचलतात' हे आपण सगळेच म्हणतो, मात्र पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने डच शिकली ती १२ ते १५ ची मुलं आणि मोठी माणसं, आणि ३ ते ५ वयाची चिल्लीपिल्ली बहुतेक चाचण्यांत मागे. (उच्चाराचा भाग वेगळा, लांब पल्ल्यात तिथे लहानांचीच सरशी होते.) मग १९८७ मध्ये व्हर्जिनिया कॉलिअर यांनी अमेरिकेतल्या शाळांमध्ये पाहिलं तर अभ्यासात सगळ्यात जास्त फरफट कुणाची? पुन्हा १२ ते १५ या वयात आलेल्यांचीच! शिकण्याचा वेग चांगला आणि मार्क वाईट, हे कोडं सुटतं ते असं की सहा वर्षांच्या पोराला गाठायचं असतं ते पहिलीचं पुस्तक, आणि हिला गाठायचंय नववीचं, आणि वर्गातली बाकीची पोरं काही हिच्यासाठी थांबलेली नाहीत, ती पण रोज पुढे चालली आहेत. सुटलेल्या एसटीमागे धावण्यासारखं आहे, तुम्ही कितीही जोरात पळा, गाडीपण पळतेच आहे.

मराठी मीडियममधून अकरावी सायन्सला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मी त्यातलाच. जूनमध्ये जडत्व, त्वरण, संवेग सगळं एका रात्रीत इनर्शिया, अॅक्सिलरेशन, मोमेंटम झालं आणि दहावीला सायन्समध्ये नव्वदच्या पुढे असलेला मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. पण दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली, कारण त्वरण म्हणजे काय हे डोक्यात होतंच, त्याला फक्त नवीन लेबल लावायचं होतं. कमिन्स यांचं म्हणणंही हेच आहे, एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून शिकावी लागत नाही. म्हणून 'आता घरीपण जर्मनच बोला' हा जो सल्ला तिकडे शेजारपाजारचे लोक आईबापांना देतात तो मला तरी उफराटा वाटतो. ताईने मराठीत ऑस्मोसिस समजावलं तर ते वाया जात नाही.

उलट मराठीचा जर्मनला जो फायदा होऊ शकतो तो बघून मी चाट पडलो. 'वाइल इश गेस्टर्न क्रांक वार'. आता शब्दाखाली शब्द ठेवा: कारण, मी, काल, आजारी, होते. अख्खं वाक्य जसंच्या तसं! पण भाची म्हणायची 'वाइल इश वार क्रांक गेस्टर्न', म्हणजे इंग्रजीचा क्रम. तिसरी भाषा शिकताना डोकं बऱ्याचदा मातृभाषा सोडून दुसऱ्या, शाळेत शिकलेल्या भाषेकडे धाव घेतं हे संशोधकांनीही टिपलंय. तेच आकड्यांचं, जर्मनमध्ये २८ म्हणजे 'आख्त-उंड-त्स्वान्त्सिश', आठ आणि वीस, हिच्या डोक्यात ट्वेंटी एट, त्यामुळे ऐकून लिहिलं की ८२. मी म्हटलं अगं अठ्ठावीस म्हण ना, आधी आठच येतो! (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस आठ' आणलं तेव्हा मी पण नाकं मुरडणाऱ्यांत होतो, आता जर्मन पोरांचे हाल ऐकून जरा नरमलोय.) आणि 'मुलगी' या अर्थाचा जर्मन शब्द 'मेडशेन' नपुंसकलिंगी आहे हे ऐकून वर्गातली इंग्रजीवाली पोरं डोकं धरून बसतात, आमच्या ओळखीतल्या गोव्याच्या काकूंना मात्र काही वाटलं नाही, कोकणीत 'तें चेडूं' म्हणतातच की.

राहिला मोबाईल. ती मधल्या सुट्टीत कोपऱ्यात मोबाईल घेऊन उभी असायची कारण घोळक्यातले जोक तिच्यापर्यंत तीन सेकंद उशिरा पोचायचे. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर यांच्या टीमने लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून व्हिडिओ गेममध्ये चेंडू पास करायला लावला आणि मग बाकीच्या 'खेळाडूंनी' त्यांना चेंडू देणंच बंद केलं, तेव्हा मेंदूचा जो भाग उजळला तो शारीरिक वेदनेच्या वेळीही कामाला लागतो. पुढे सारा-जेन ब्लेकमोर यांच्या गटाने अशाच खेळात पाहिलं की टीनएजर मुलींचा मूड मोठ्या बायकांपेक्षा जास्त उतरतो. त्यात दिवसभर परकी भाषा गोंगाटात ऐकायची, घरी आल्यावर पोरगी पलंगावर आडवी पडली तर पडू दे की.

हे सगळं मी ताईला सांगितलं, तिने अर्धं ऐकलं. मग आम्ही ती प्रश्नातली क्रियापदं फ्रिजवर चिकटवली, प्रत्येकासमोर मराठीत 'कारणे द्या', 'टीपा लिहा' असं. पुढच्या पेपरात ३ आला.

परवा तिने आजीला वाढदिवसाचं कार्ड पाठवलं, खाली हाताने तिचा नवीन नंबर. तिकडची मुलं १ ला वर एवढा लांब काना काढतात की आपल्याला तो ७ दिसतो, आणि ७ लिहिताना मध्ये आडवी रेघ मारतात. ही आता तसंच लिहायला लागलीय. आजीने दोन दिवस कुठल्यातरी जर्मन माणसाला फोन लावले, आणि दोन्ही वेळा त्याच्याशी मराठीत बोलली.