कासवभुंगे आणि हिस्पा (कॅसिडिनी उपकुल)

पर्णभुंग्यांच्या क्रिसोमेलिडी कुलातील एक मोठे उपकुल. सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात. लिनीअस यांनी कॅसिडा प्रजाती (जवळच्या जातींचा गट) 1758 मध्ये आणि हिस्पा 1767 मध्ये मांडली. एक गोल, चपटी, ढालीसारखी. दुसरी लांबट, बहुधा काटेरी. त्यामुळे दोन्ही गट दीर्घकाळ स्वतंत्र उपकुले मानले गेले. आता ते एकत्र धरतात. ओळखीसाठी बाह्य आकारापेक्षा येथे डोके आणि पाय अधिक खात्रीचे: मुखांगे खाली व मागे वळलेली असल्याने वरून दिसत नाहीत, शृंगिकांची (डोक्यावरच्या स्पर्शिकांची) मुळे जवळजवळ असतात आणि पावलाला चारच पेरे असतात. इतर पर्णभुंग्यांत पेरे पाच, पण चौथे इतके बारीक की भिंगाखालीही चुकते.

कासवभुंग्यांत अग्रवक्ष (डोक्यामागचा छातीचा पहिला भाग) व पुढच्या कडक पंखांच्या कडा बाहेर पसरून डोके आणि पाय झाकतात. बेशरमाच्या पानांवरचा ठिपकेदार ॲस्पिडिमॉर्फा मिलियारिस अनेकांना चित्रांग भुंगेरा वाटतो. कडेची पारदर्शक झालर पाहिली की शंका मिटते. काही जातींची सोनेरी झळाळी कवचातील ओलसर पातळ थरांमुळे असते. कीटक मेला, वाळला की ती जाते. म्हणून संग्रहातल्या नमुन्याच्या रंगावरून जात ठरवू नये. अळ्या काटेरी असतात. शेपटीच्या दुभंगलेल्या काट्यावर जुन्या काती आणि विष्ठा रचून ती पाठीवर छत्रीसारखी धरतात.

भातावर याच उपकुलातील दोन किडी येतात. हिस्पा (डिक्लॅडिस्पा आर्मिजेरा) सुमारे 5 मिमी, निळसर काळा, अंगभर काटे. प्रौढ पानाचा वरचा हिरवा थर खरवडतो, त्यामुळे शिरांना समांतर पांढऱ्या रेषा उमटतात. मादी पानाच्या टोकाजवळ एकेक अंडे पेशीजालात खुपसते. अळी दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खाते आणि तेथेच कोष करते. वरवरची स्पर्शजन्य (अंगाला लागूनच मारणारी) फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून ते नष्ट केले तर बरीच अंडी जातात. खुडलेले शेंडे बांधावरच टाकले तर मेहनत वाया. नत्राचा अतिरेक प्रादुर्भाव वाढवतो.

कोकणातले निळे भुंगेरे (लेप्टिस्पा पिग्मिया) लांबट, चकचकीत निळे, पण बिनकाट्याचे. त्यांची अळी पान पोखरत नाही. लांबीच्या दिशेने गुंडाळलेल्या पानात राहून पृष्ठभाग खरवडते. पान उलगडले की ती थेट दिसते, हिस्प्याची अळी पाहायला मात्र पापुद्रा फाडावा लागतो.