टाकलेली मुले आणि चर्च

इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस गावच्या जुन्या उकिरड्यांत एक पत्र सापडले, इ. स. पू. १ सालचे. अलेक्झांड्रियाला गेलेला हिलारियन घरी लिहितो: लेकराला जप, मजुरी मिळाली की पाठवतो; बाळंत झालीस आणि मुलगा असला तर राहू दे, मुलगी असली तर टाकून दे. बायकोची काळजी आणि ही सूचना एकाच दमात येते. रोमन कायद्याने मूल ठेवण्या-टाकण्याचा अधिकार बापाकडे दिलेला होता.

या रिवाजाला ज्यूंचा आधीपासून विरोध होता. ख्रिस्ती मंडळींनी तो पुढे चालवला. ‘डिडाखे’ या सुरुवातीच्या शिकवणग्रंथात अर्भकहत्येला स्पष्ट मनाई आहे. पुढे साम्राज्यच ख्रिस्ती झाले आणि ३७४ मध्ये अर्भकहत्या गुन्हा ठरली. मुले टाकणे मात्र थांबले नाही. गरिबी आणि अब्रूची भीती कायद्याने जाणार कशी?

मग टाकलेल्यांना सांभाळणारी घरे उभी राहिली. फ्लोरेन्समधले प्रसिद्ध अनाथालय रेशीम व्यावसायिकांच्या संघाने १४१९ मध्ये बांधायला घेतले, आराखडा ब्रुनेलेस्कीचा. १४४५ च्या फेब्रुवारीत तिथे पहिले बाळ आले, ती मुलगीच. पुढे कित्येक आया बाळासोबत अर्धे तोडलेले नाणे किंवा पदक ठेवत आणि दुसरा तुकडा स्वतःकडे राखत. दिवस पालटले तर ओळख पटवून लेकरू परत नेता यावे म्हणून. हे तुकडे आजही जपून ठेवलेले आहेत.

या इतिहासातली गोम मला इथेच दिसते. चर्चने मूल पोटाशी धरले, पण लग्नाआधी आई झालेल्या बाईचे पाप मोजणे सोडले नाही.

विसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये त्याचे टोक गाठले गेले. अविवाहित गरोदर मुलींची रवानगी नन्स चालवत असलेल्या आश्रमांत होई आणि पुष्कळदा मूल दत्तक देऊन आईपासून तोडले जाई. ट्यूअमच्या आश्रमात १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुले दगावली. स्थानिक अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी मृत्यूचे दाखले मिळवले, तेव्हा त्यातल्या बहुतेक मुलांच्या दफनाच्या नोंदीच सापडेनात. २०२१ च्या चौकशी अहवालात १८ संस्थांमधले मिळून सुमारे ९,००० बालमृत्यू आहेत.

त्या अहवालाने मुख्य दोष मुलांच्या बापांवर आणि मुलींच्या घरच्यांवर ठेवला. हयात असलेल्या अनेक आयांना ते मान्य झाले नाही, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. कुमारी माता म्हणजे घराण्याची नाचक्की, हे त्या घरांना चर्चनेच पिढ्यान्‌पिढ्या शिकवले होते.